जिनिव्हात घड्याळांच्या दुकानांतून एक दिवस: तयारी, पाहणी आणि हिशेब

स्वित्झर्लंडची सहल करून आलेल्या आपल्याकडच्या बहुतेकांच्या छायाचित्रांत टिटलिसचा बर्फ असतो, युंगफ्राउची गाडी असते आणि ल्युसर्नचा लाकडी पूल असतो. जिनिव्हा मात्र अनेकदा कार्यक्रमातच नसते, आणि असले तरी सरोवरातला 140 मीटर उंच फवारा आणि संयुक्त राष्ट्रांची इमारत दाखवून बस पुढे निघते. ज्याला घड्याळांची मनापासून आवड आहे त्याने या शहरासाठी सहलीतला एक पूर्ण दिवस वेगळा काढावा, असे माझे ठाम मत आहे. तो दिवस खरेदीचा समजू नये. संगणकाच्या पडद्यावर आपण घड्याळ समोरून, मोठे करून आणि उत्तम प्रकाशात पाहतो. पण त्याचे वजन, त्याची जाडी, चावी देताना बोटांना लागणारा दाब आणि मनगट वळवल्यावर तबकडीवर फिरणारा उजेड यांपैकी काहीच पडद्यावर कळत नाही. डोळ्याला आणि मनगटाला हे शिकवण्यासाठी हा दिवस असतो. जगातल्या नामांकित घराण्यांची दालने आणि घड्याळांच्या इतिहासाचे एक मोठे संग्रहालय पायी फिरता येईल एवढ्या अंतरात असल्यामुळे जिनिव्हाइतकी सोयीची शाळा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

दिवस कोणता निवडावा

पहिला निर्णय वाराचा आहे आणि तो चुकला तर बाकीची तयारी वाया जाते. रविवारी जिनिव्हातली दुकाने बंद असतात, म्हणून तो वार मोजूच नये. पाटेक फिलिप संग्रहालय रविवारी आणि सोमवारी बंद असते, मंगळवार ते शुक्रवार दुपारी दोन वाजता उघडते आणि शनिवारी सकाळी दहापासून खुले असते. प्लँपाले या मोठ्या मैदानावर बुधवारी आणि शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो आणि संग्रहालय तेथून चालत काही मिनिटांवर आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की बुधवार सर्वांत सोयीचा ठरतो: सकाळी दुकाने, दुपारी बाजार आणि संग्रहालय. शनिवारीही सगळे उघडे असते, परंतु त्या दिवशी दुकानांत गर्दी असते आणि विक्रेत्याला आपल्याशी निवांत बोलायला वेळ मिळत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारनंतर येणाऱ्या गुरुवारी फक्त जिनिव्हा परगण्याची स्वतःची सुटी असते, हेही लक्षात ठेवावे. बाकी स्वित्झर्लंड त्या दिवशी उघडा असल्यामुळे बाहेरून येणारा माणूस हमखास फसतो.

मे आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांत येथे घड्याळांचे मोठे लिलाव होतात. लिलावापूर्वी काही दिवस घड्याळे पाहण्यासाठी मांडलेली असतात, त्या पाहणीला प्रवेशशुल्क नसते आणि बोली लावण्याची सक्तीही नसते. सूचीतला क्रमांक सांगून घड्याळ हातात मागता येते, आणि एरवी काचेपलीकडेच दिसणारी साठ-सत्तर वर्षांपूर्वीची घड्याळे अशा वेळी प्रत्यक्ष हाताळायला मिळतात. सहलीच्या तारखा आपल्या हातात असतील तर या दोन महिन्यांचा विचार जरूर करावा. एप्रिलमधल्या मोठ्या घड्याळ-प्रदर्शनाच्या आठवड्यात मात्र हॉटेलांचे दर फार चढतात.

बर्नहून रेल्वेने जिनिव्हाला पोहोचायला सुमारे पावणेदोन तास लागतात, झुरिकहून पावणेतीन. शहरात मुक्काम असेल तर हॉटेलकडून मिळणाऱ्या पासावर ट्राम आणि बस विनामूल्य असतात.

घरून करायची तयारी

कागदाची एक पट्टी मनगटाभोवती गुंडाळून परीघ मोजावा आणि मग मनगटाची वरची सपाट रुंदी पट्टीने मोजावी. दुसरे माप बहुतेक लोक घेत नाहीत, पण उपयोग त्याचाच अधिक होतो. घड्याळाचा व्यास सर्वजण सांगतात. मनगटावर घड्याळ बसते की लोंबते हे मात्र पट्टा अडकवण्याच्या वरच्या आणि खालच्या टोकांमधल्या अंतरावर ठरते. या टोकांना लग म्हणतात. माझ्या मनगटाचा परीघ साडेसोळा सेंटिमीटर आणि सपाट रुंदी 52 मिलिमीटर आहे, त्यामुळे लगांमधले अंतर 50 मिलिमीटरच्या पुढे गेले की ते घड्याळ माझे नाही हे मला घरीच कळते. एकोणचाळीस मिलिमीटर व्यासाचे पण लांब लगांचे घड्याळ मला मोठे होते, आणि एक्केचाळीस व्यासाचे आखूड, खाली वळलेल्या लगांचे घड्याळ व्यवस्थित बसते.

त्यानंतर पाच घड्याळांची यादी करावी, पाचांहून एकही अधिक नको. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा यादी केली नव्हती. दिवसभरात वीस-बावीस घड्याळे मनगटावर चढवली आणि संध्याकाळी त्यांतली तीनसुद्धा नीट आठवेनात; सगळी एकमेकांत मिसळून गेली होती. तेव्हापासून मी यादीतल्या प्रत्येक घड्याळापुढे एकच प्रश्न लिहून नेतो: याची जाडी शर्टाच्या बाहीखाली जाते का, याचा निळा रंग सावलीत काळा दिसतो का, याची चावी माझ्या जाड बोटांना पकडता येते का. प्रश्न लिहिलेला असला की विक्रेत्यालाही नेमके काय दाखवायचे ते कळते.

सोबत छोटी वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि मूळ पारपत्र असावे. पारपत्राचे कारण पुढे कराच्या भागात येईल. सुटाबुटाची गरज नाही, पण स्वच्छ कपडे आणि सहज वर सरकणारी बाही असावी. अंगठ्या आणि कडे त्या दिवशी खोलीवरच ठेवावे, कारण दुसऱ्याच्या घड्याळाच्या पॉलिश केलेल्या केसवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, त्यांचा ओरखडा उठायला क्षण पुरतो.

मनगटावर आपले नेहमीचे, पूर्ण ओळखीचे घड्याळ बांधावे. मी वडिलांचे एचएमटी जनता बांधून जातो. बंगळुरूच्या कारखान्यात 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झालेल्या परंपरेतले हे 17 ज्वेलचे (यंत्रातली झीज कमी करणाऱ्या बारीक खड्यांचे), रोज चावी देण्याचे घड्याळ माझे माप आहे. त्याचा सेकंदकाटा सेकंदाला पाच ठोके घेत पुढे जातो. आजच्या बहुतेक स्वयंचलित स्विस घड्याळांचा आठ घेतो, म्हणून तो वाहता वाटतो. दोन्ही शेजारी धरली की वर्णन वाचून न कळलेली गोष्ट एका नजरेत कळते. शिवाय जिनिव्हातल्या जाणकार विक्रेत्यांना अशा घड्याळाचे खरे कुतूहल असते आणि संभाषण तेथूनच सुरू होते, हा माझा एकापेक्षा अधिक वेळा आलेला अनुभव आहे.

सकाळी नऊ: स्थानकापासून बेटापर्यंत

दुकाने साधारण दहाच्या सुमारास उघडतात, म्हणून कॉर्नाव्हँ स्थानकावरून नऊला निघावे आणि उताराने सँ-जर्वे या वस्तीतून नदीकडे चालत जावे. अठराव्या शतकात या भागातल्या घरांच्या अगदी वरच्या मजल्यांवर, मोठ्या खिडक्यांशी बाके लावून घड्याळ-कारागीर काम करीत, कारण बारीक कामाला दिवसाचा भरपूर उजेड लागे. वर पाहत चालले तर काही जुन्या इमारतींच्या माथ्यावर खिडक्यांची ती सलग ओळ आजही ओळखू येते. कॅल्विनच्या धर्मसुधारणेच्या काळात, म्हणजे 1541 नंतर, जिनिव्हात दागिन्यांच्या थाटावर निर्बंध आले आणि सोनारांचे कसबी हात घड्याळांकडे वळले. फ्रान्समधून छळामुळे पळून आलेल्या प्रॉटेस्टंट कारागिरांनी त्यात भर घातली आणि 1601 मध्ये येथे घड्याळ-कारागिरांचा संघ स्थापन झाला. जिनिव्हाच्या घड्याळांत सोनारकाम आणि यंत्र इतके एकजीव का झालेले असते, याचे उत्तर या गल्ल्यांत आहे.

पुढे ऱ्होन नदीतले बेट लागते. 1755 पासून अखंड चालत आलेल्या व्हॅशेरॉन कॉन्स्टँटिन या घराण्याचे नाव 1875 पासून या बेटाशी जोडलेले आहे. पूल ओलांडला की डाव्या तीरावर रू द्यू रोन हा रस्ता सुरू होतो आणि सरोवराला समांतर जातो.

दुकानात शिरताना

या रस्त्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत पाटेक फिलिप, कार्तिए, पियाजे, ओमेगा आणि इतर अनेकांची दालने पाठोपाठ येतात. सगळ्यांत शिरण्याचा मोह आवरावा. दोन तासांत तीन दालने, आणि प्रत्येकात दोनाहून अधिक घड्याळे नाहीत, एवढेच ठरवावे.

दारावर रक्षक असतो, काही ठिकाणी घंटी वाजवावी लागते. त्याने बिचकून जाऊ नये. हा बंदोबस्त मालासाठी असतो, आपल्याला परत पाठवण्यासाठी नव्हे. आत पाऊल ठेवताच स्पष्ट आवाजात ‘बोंजूर’ म्हणावे. फ्रेंच बोलणाऱ्या या शहरात अभिवादन न करता थेट काचेकडे जाणे उद्धटपणाचे समजले जाते, आणि आपल्याकडच्या पर्यटकांविषयी कधीकधी होणारा गैरसमज एवढ्या एका शब्दाने टळतो. त्यानंतर खरे सांगावे: मी भारतातून आलो आहे, घड्याळांचा अभ्यास करतो, आज घेण्याचे ठरवलेले नाही, पण तुमचे अमुक मॉडेल मनगटावर पाहण्याची फार इच्छा आहे. खोटा ग्राहक होऊन बोलण्याने काहीच साधत नाही. रोज पन्नास माणसे पाहणाऱ्याला ते दुसऱ्या वाक्याला कळते, आणि प्रामाणिकपणे विचारणाऱ्याला मात्र बहुधा खुर्ची मिळते, कातडी लावलेला तबक समोर येतो आणि पुढची वीस मिनिटे शिकण्यात जातात.

काही घड्याळे काचेत असूनही ती केवळ प्रदर्शनासाठी असतात. रोलेक्स आणि पाटेक फिलिप यांच्या पोलादी मॉडेलांना पुरवठ्याहून मागणी जास्त असल्यामुळे हे नेहमीचे झाले आहे. तरीही ‘हे मनगटावर ठेवून पाहता येईल का’ असे विचारावे; नकार मिळाला तर आग्रह धरू नये. छायाचित्र काढण्यापूर्वी दर वेळी परवानगी घ्यावी, आणि चौकटीत दुसरा ग्राहक येऊ देऊ नये. किमतीत घासाघीस करण्याची येथे पद्धत नाही. दाखवलेली किंमत करासहित असते, ती वहीत नोंदवावी आणि विषय तेथेच ठेवावा. काही घराणी आगाऊ वेळ ठरवूनच दाखवतात, म्हणून यादीतल्या प्रत्येक दालनाला पंधरा दिवस आधी ईमेल पाठवून आपला प्रश्न लिहावा. माझ्या अनुभवात लेखी प्रश्न विचारणाऱ्यासाठी तिजोरीतले घड्याळही बाहेर काढले जाते.

घड्याळ हातात आल्यावर

सगळ्या दिवसाचे सार या भागात आहे, म्हणून येथे घाई करू नये. क्रम महत्त्वाचा आहे: आधी लांबून, मग मनगटावर, मग कानाशी आणि सर्वांत शेवटी भिंगाखाली. बहुतेक हौशी माणसे थेट भिंगाकडे धावतात आणि दोन बारीक गोष्टींवर भाळून एकूण घड्याळ पाहायचेच विसरतात.

घड्याळ तबकातच असू द्यावे आणि हातभर अंतरावरून वेळ वाचून पाहावी. एका दृष्टिक्षेपात वेळ कळली पाहिजे, कारण घड्याळाचे पहिले काम तेच आहे. काट्यांची लांबी तपासावी. मिनिटकाट्याचे टोक मिनिटांच्या रेघांना भिडले पाहिजे आणि तासकाट्याचे टोक तासांच्या खुणांपर्यंत पोहोचले पाहिजे. कित्येक महागड्या घड्याळांतही काटे आखूड पडलेले दिसतात. एकच यंत्र वेगवेगळ्या आकारांच्या केसांत वापरले की असे होते. तारखेची खिडकी तबकडीच्या कडेपासून फार आत सरकलेली असेल तर मोठ्या केसमध्ये लहान यंत्र बसवले आहे, असे समजायला हरकत नाही.

आता आपले घड्याळ काढून बाजूला ठेवावे आणि विक्रेत्यालाच पट्टा बांधू द्यावा. हात टेबलावर सपाट न ठेवता उभे राहून तो सहज खाली सोडावा, आणि आरशात पाहावे. स्वतःच्या डोळ्यांना घड्याळ वीत-दीड वीत अंतरावरून दिसते आणि म्हणून नेहमी खऱ्यापेक्षा मोठे भासते. आरशात ते इतरांना दिसते तसे दिसते. मनगट वर वळवल्यावर चावी हाताच्या मागच्या बाजूला रुतते का, हात हलवल्यावर केस एका बाजूला कलंडते का, बाही तिच्यावरून सरकते का, हे पाहावे. धातूचा पट्टा असेल तर त्याच्या कड्या खाली किती लवचिकपणे वळतात ते पाहावे आणि खटक्याची पकड दोन वेळा उघडून बंद करावी. दुकानातले दिवे मुद्दाम चमक वाढवणारे असतात, म्हणून शक्य असल्यास विक्रेत्यासोबत खिडकीपाशी जाऊन दिवसाच्या उजेडात तबकडी पाहण्याची विनंती करावी. निळ्या आणि हिरव्या तबकड्यांचे खरे रूप तेथेच उघड होते.

चावी फिरवण्यापूर्वी नेहमी विचारावे. हाताने चावी देण्याच्या घड्याळात पहिल्या पाच-सहा फेऱ्यांतच बोटांना यंत्राची जात कळते: चांगल्या यंत्रात दाब हळूहळू आणि सारखा वाढतो, खुळखुळ नसते. काटे हलवताना मागेपुढे सैल चाल जाणवू नये. दिनदर्शिका असलेल्या घड्याळाची तारीख मात्र आपण होऊन कधीच बदलू नये. अनेक यंत्रांत रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारखेची चाके गुंतलेली असतात आणि अशा वेळी जबरदस्ती केली तर दाता तुटू शकतो. तास आणि मिनिटे नादातून सांगणारे मिनिट रिपीटर कोणी ऐकवण्याची तयारी दाखवली, तर हातातली वही खाली ठेवून ते ऐकावे.

भिंग आता मागावे. दहापट मोठे दाखवणारे भिंग दुकानात असते. तबकडीवरची अक्षरे कडेला फाटलेली नसावीत, तासांच्या खुणा सरळ बसलेल्या असाव्यात आणि काट्यांच्या कडांवर खरवड नसावी. मग घड्याळ उलटे करावे. मागे पारदर्शक काच असेल तर यंत्राच्या पट्ट्यांवर जिनिव्हाची म्हणून ओळखली जाणारी समांतर लहरींची रेखाटणी दिसते. ती आज यंत्रानेही सफाईने करता येते, त्यामुळे केवळ तिच्यावर मत बनवू नये. पट्ट्यांच्या कडा तिरप्या घासून चकाकवलेल्या असतात, त्या जिथे आतल्या बाजूला कोपऱ्यात भेटतात तिकडे पाहावे. आतला कोपरा टोकदार असेल तर तिथे माणसाचा हात लागलेला आहे, कारण फिरते हत्यार असा कोपरा करू शकत नाही आणि तो गोल सोडते. मला एका वृद्ध घड्याळजींनी हे दाखवले आणि त्यानंतर माझे घड्याळे पाहणे कायमचे बदलले.

यंत्रावर गरुड आणि किल्ली असलेला शहराच्या राजचिन्हाचा बारीक ठसाही शोधावा. जिनिव्हाची ही गुणवत्ता-मुद्रा 1886 च्या कायद्याने सुरू झाली आणि घड्याळाची जोडणी व तपासणी या परगण्यात झाली असेल तरच ती मिळते. व्हॅशेरॉनच्या अनेक घड्याळांवर ती दिसते. पाटेक फिलिपने 2009 मध्ये स्वतःची वेगळी मुद्रा सुरू केली, म्हणून त्यांच्या नव्या घड्याळांवर ती दिसली नाही तर गोंधळू नये. तबकडीच्या तळाशी असणाऱ्या ‘स्विस मेड’ या शब्दांचा अर्थ याहून सौम्य आहे: 2017 पासूनच्या नियमानुसार उत्पादनखर्चाचा किमान 60 टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा लागतो.

मीनाकारीची तबकडी मिळाली तर ती अवश्य मागावी. काचेची पूड धातूवर पसरून ती 800 अंश सेल्सिअसच्या वर भट्टीत पुन्हा पुन्हा भाजली जाते. प्रत्येक भाजणीत तडा जाण्याची भीती असते. तिचा पांढरा रंग छापील तबकडीच्या पांढऱ्यासारखा सपाट नसतो, त्याला खोली असते. जयपूरचा मीना पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना हा फरक लवकर कळतो.

यादीत जेजर लेकुल्ट्रचे रिव्हर्सो असल्यास ते उलटवून पाहावे. घोड्यावरच्या पोलोत काचा फुटतात अशी भारतातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार होती, आणि तिच्यावरचा उपाय म्हणून 1931 मध्ये ही केस आली. केस सरकवून फिरवल्यावर ती पुन्हा जागेवर बसतानाचा खटका ऐकावा. नव्वद वर्षांहून जुनी ही कल्पना अजून शिळी झालेली नाही.

दुपार: फुलांचे घड्याळ, बाजार आणि संग्रहालय

रस्त्याच्या पूर्व टोकाला इंग्लिश गार्डनमध्ये 1955 पासूनचे फुलांचे घड्याळ आहे. त्याचा सेकंदकाटा अडीच मीटर लांब आहे. येथे दहा मिनिटे पुरतात. बाकावर बसून सकाळच्या नोंदी पूर्ण कराव्यात आणि काहीतरी खाऊन घ्यावे.

तेथून प्लँपालेच्या बाजारात जावे. जुनी खिशातली घड्याळे, बंद पडलेली यंत्रे, सुट्या तबकड्या आणि हत्यारे असे बरेच काही येथे मांडलेले असते. नवख्याने येथे घड्याळापेक्षा हत्यार घ्यावे, असा माझा सल्ला आहे. पुन्हा रंगवलेल्या तबकड्यांपासून सावध राहावे. जगभरातले संग्राहक अशा भडक रंगवलेल्या घड्याळांना मुंबईच्या नावाने ओळखतात, ही गोष्ट मला मराठी माणूस म्हणून लागते. पण त्यामुळेच आपण त्या खुणा चटकन ओळखू शकतो. अक्षरे जाड आणि वेडीवाकडी असतात, सेकंदांच्या रेघा असमान पडलेल्या असतात, त्या घराण्याने कधी न काढलेला रंग दिसतो आणि सहाच्या अंकाखालचे ‘स्विस’ हा शब्द गायब असतो.

दोनच्या ठोक्याला संग्रहालयाच्या दारात असावे. 2001 मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात छायाचित्रे काढता येत नाहीत, आणि मला हा नियम फार हिताचा वाटतो, कारण त्यामुळे माणूस खरोखर पाहतो. तळमजल्यावर जुनी बाके आणि हत्यारे आहेत. तेथे थांबूनच वर जावे, म्हणजे वरच्या वस्तू कशाने घडल्या ते मनात राहते. सोळाव्या शतकापासूनच्या जुन्या घड्याळांचा मजला आधी पाहावा. सुरुवातीच्या घड्याळांना फक्त तासकाटा आहे. दिवसाला बराच वेळ चुकणाऱ्या यंत्राला मिनिटकाटा लावून काय उपयोग होणार होता? चीनच्या बाजारासाठी जोडीने घडवलेली, एकमेकांचे प्रतिबिंब असलेली मीनाकारीची घड्याळे आणि गाणारे यांत्रिक पक्षी येथे आहेत. त्यानंतर पाटेक फिलिपचा मजला येतो. पोलंडमधून निर्वासित म्हणून आलेल्या आंतोनी पाटेक याने 1839 मध्ये भागीदारीत काम सुरू केले, आणि पुढे वेगळ्या किल्लीऐवजी घड्याळाच्याच चावीने पीळ देण्याची रचना करणारा फ्रेंच कारागीर आद्रियाँ फिलिप त्याला येऊन मिळाला. 1925 चे, लीप वर्षाचाही हिशेब स्वतः ठेवणारे मनगटी घड्याळ आणि घराण्याच्या दीडशेव्या वर्षी, 1989 मध्ये पूर्ण झालेले 33 यांत्रिक करामतींचे कॅलिबर 89 ही दोन तरी शांतपणे पाहावीत. दुसऱ्याला ईस्टरची तारीखही कळते.

संग्रहालय दुकानांनंतर ठेवण्याचे कारण असे की सकाळी पाहिलेल्या घड्याळांचे मोल येथे आपोआप ठरते. सकाळी जे नवे वाटले होते त्यातले बरेचसे दोनशे वर्षांपूर्वी झालेले असते, आणि जे साधे वाटले होते त्यात एखादी खरी सुधारणा दडलेली आढळते.

घ्यायचे ठरलेच तर

त्याच दिवशी घेऊ नये, एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. मुंबई-पुण्यातल्या अधिकृत विक्रेत्याची किंमत आधी माहीत असावी. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी झालेला भारताचा व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला असून स्विस घड्याळांवरचे आयातशुल्क त्यानुसार टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या किमतींतले अंतर पूर्वीइतके राहणार नाही. प्रवाशाच्या सामानाचा हिशेब मात्र बॅगेज नियमांप्रमाणे वेगळा होतो.

तिथला मूल्यवर्धित कर 2024 पासून 8.1 टक्के आहे आणि 300 फ्रँकांच्या वरच्या खरेदीवर परदेशी प्रवाशाला तो परत मागता येतो. त्यासाठी दुकानात मूळ पारपत्र दाखवून अर्ज भरून घ्यावा लागतो आणि देश सोडताना घड्याळासह जकात-कार्यालयात त्यावर शिक्का घ्यावा लागतो. म्हणून घड्याळ चेक-इनच्या बॅगेत घालू नये. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे पुढे रेल्वेने पॅरिसला जाणार असाल तर जकातीची सीमा तेथेच लागते. शिक्का त्या सीमेवर घ्यावा लागतो आणि फ्रान्समध्ये शिरताना तिथल्या मर्यादेहून महाग वस्तू जाहीर करावी लागते.

भारतात उतरल्यावर लाल मार्गाने जाऊन पावती दाखवावी आणि शुल्क भरावे. खोके तिकडेच टाकून घड्याळ मनगटावर बांधून बाहेर पडण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यात दंड आणि जप्तीचा धोका आहे, आणि कागदपत्रांशिवायचे घड्याळ पुढे विकतानाही अडचण येते. याच्या उलट, आपले जुने महाग घड्याळ घालून परदेशी निघताना विमानतळावरच्या जकात-कार्यालयातून निर्यात-दाखला घेऊन ठेवावा, म्हणजे परतताना ते नवे समजले जाणार नाही. हमीपत्रावर तारीख आणि विक्रेत्याची नोंद आहे हे दुकानातच पाहावे. रोलेक्स आणि ओमेगा यांची हमी पाच वर्षांची असते. सर्व्हिसिंग भारतात होते की घड्याळ परत स्वित्झर्लंडला जाते, किती महिने लागतात आणि साधारण खर्च किती, हेही लिहून घ्यावे. ही चौकशी खरेदीआधी करणारे फार थोडे असतात.

रात्रीची वही

मुक्कामी परतल्यावर छायाचित्रे न उघडता वहीच्या कोऱ्या पानावर दिवसभरात मनगटावर आलेल्या प्रत्येक घड्याळाची तबकडी आठवणीतून काढावी. चित्र सुंदर येण्याची गरज नाही. अंक कोणते होते, काट्यांचा आकार कसा होता, तारीख कुठे होती, सेकंदांचे छोटे वर्तुळ किती खाली होते, एवढे उतरले तरी पुरे. मग छायाचित्रांशी ताडून पाहावे. जे घड्याळ काढताना हात अडला ते यादीतून खोडावे. माझ्या गेल्या खेपेच्या पानावर पाच वर्तुळे आहेत, त्यांतली तीन अर्धवट आहेत, आणि पूर्ण उतरलेल्या दोनांपैकी एक वडिलांच्या जनताचे आहे. दुसरे अजून यादीत आहे.